चौथी तार लावू नका

हे खरोखर घडलेलं आहे. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या गालावर कानापर्यंत गेलेला व्रण आहे, तो काही मी हौसेने करून घेतलेला नाही.

सजवून लिहिणं मला जमत नाही. अक्षरं मी पन्नाशीनंतर गिरवली, तीही मुलीने कान धरून गिरवून घेतली. त्यात आज घाईने लिहितोय. घाई का, ते शेवटी कळेल. तुमच्यापैकी कोणी गिटारींना तारा बसवत असेल, तर त्याने तरी हे पूर्ण वाचावं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमचं गिटार दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली आहे. पुढे काम, मागे दोन खोल्या. तिथे मी, मुलगी आणि जावई राहतो. जावई बँडमध्ये गायचा आणि दिवसा माझ्याबरोबर कामाला बसायचा. सगळी गल्ली त्याला रेडिओ म्हणायची. गिऱ्हाईक असलं की गिऱ्हाइकाशी बोलायचा, नसलं की हातातल्या पकडीशी.

"बाबा, याला बंद करायचं बटण कुठे असतं हो?" मुलगी विचारायची.

"लग्नाआधी बघायचं होतंस. आता वॉरंटी संपली."

शनिवारी एक बाई गिटार घेऊन आली. एवढ्या उकाड्यात तिने गळ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. गिटारीला सहाऐवजी पाचच तारा होत्या. चौथीची जागा रिकामी.

"तारा बदलून हव्यात," ती म्हणाली. घशात वाळू भरल्यासारखा आवाज. मला काउंटरवर वाकून ऐकावं लागलं.

जावयाने तारेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"ताई, वाजवून झाल्यावर कोरडं फडकं फिरवत जा हो. घामाने तार गंजते. कितीही भारी सेट घाला, पुसली नाही तर महिन्यात मेली समजा. आता कुठला घालू? बारीक घातला तर बोटं वाचतील. जाड घातला तर आवाज भरून येईल."

"जाड. पण पाचच. चौथी लावू नका."

"का बुवा?"

"माझ्या नवऱ्याने ती एकदा काढली होती." ती थांबली. "वाजवायला नाही."

तिचा हात स्कार्फकडे गेला. स्कार्फ जरासा सरकला आणि मला दिसलं... गळ्याभोवती लाल रेघ. दोरा ओढून बांधावा तशी, पूर्ण गोल.

"आता कुठे असतात ते?" मी विचारलं.

"नाहीत."

मी गिटार जवळ ओढली आणि उगीच तारांवरून अंगठा फिरवला.

पाच तारा होत्या.

सूर... सहा ऐकू आले.

मधला सूर समोरून आला होता. बाईकडून. तिचे ओठ मिटलेले होते.

लाकूड घुमतं कधीकधी, असं मी मनाला सांगितलं. बाई निघून गेली.

रविवारी जेवून मी आत आडवा झालो. मुलगी भांडी घासत होती. शटर अर्धं खाली ओढून जावई पुढे कामाला बसला होता. काय करतोय ते मला न बघता कळत होतं. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, अशी आमची पद्धत. एक जुनी उतरवायची, तिथे नवी चढवायची, मगच पुढची. म्हणजे दांड्यावरचा ताण टिकतो. प्रत्येक नवी तार वेगळ्या कागदी पाकिटात असते. पाकीट फाडल्याचा आवाज, खुंटीची करकर, मग तारेची उरलेली शेपूट कापल्याचा टक्‌. पाचही झाल्या. रेडिओची बडबड चालूच होती.

मग पुन्हा पाकीट फाडल्याचा आवाज आला.

"जावईबापू!" मी आतून ओरडलो. "चौथी नको म्हणाल्यात त्या!"

"अहो, लगेच काढतो बाबा! दात पडल्यासारखी दिसतेय बिचारी. सूर तरी ऐकू द्या."

खोटं कशाला बोलू? सेटमधली तार हातात असताना तार बसवणाऱ्याला खुंटी रिकामी सोडवत नाही.

करर्र... करर्र... सूर चढत गेला. ठिकाणावर आला.

थांबला नाही.

करर्र... करर्र...

"पुरे! तुटेल!"

उत्तर आलं नाही.

करर्र...

मुलीने नळ बंद केला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. जावई लग्न होऊन आल्यापासून त्या घरात एवढी शांतता कधी नव्हती.

रेडिओ बंद पडला होता.

आम्ही पुढे धावलो. जावई स्टुलावरून खाली पडला होता. गिटार छातीवर उपडी. खुंटीतून बाहेर आलेली तारेची शेपूट कापायची राहिली होती. वीतभर असते ती. गळ्याला वेढा घालायला पुरणारच नाही.

पण पुरली होती.

वेढा पडलेला होता आणि खुंटी... आपोआप फिरत होती.

त्याचा चेहरा जांभळा पडला होता. डोळे बाहेर आले होते. टाचा फरशीवर आपटत होत्या. मुलीने खुंटी धरून उलटी पिळायला घेतली, तर तिचंच मनगट मुरगळलं. कड्‌ असा आवाज मी ऐकला. ती किंचाळली, पण हात सोडला नाही.

मी कटर घेतला आणि खुंटीपाशी तार तोडली.

ती उसळून माझ्या गालावर आली. कानापर्यंत चिरत गेली. गरम रक्त मानेवरून आत उतरलं.

तार तुटली होती, म्हणजे वेढा सैल पडायला हवा होता. तो... आवळतच गेला. तार कातडीत शिरून दिसेनाशी झाली. नुसती रेघ आणि रेघेतून उसळणारं रक्त.

"बाबा, काढा! काढा ना!" मुलगी गिटार बाजूला ढकलून त्याच्या छातीवर बसली होती, डोकं दाबून धरत होती. त्याने तडफडत तिच्या हाताचा लचका तोडला. मी गळ्यात पक्कड घुसवली. मांसात चाचपली. टोक सापडलं. पाय त्याच्या खांद्याला लावून ओढलं.

तार आली. तिच्यासोबत काय काय आलं, ते लिहीत नाही.

तो वाचला. डॉक्टरांनी टाके घातले. "आवाजाची आशा सोडा," म्हणाले. वर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गळा आवळला होता.

काही दिवसांनी बाई आली.

स्कार्फ नव्हता. मान स्वच्छ. रेघेचा मागमूस नाही.

"चौथी लावलीत ना?" आवाज खणखणीत.

माझ्या मुलीने काउंटरवरून हात घालून तिचे केस धरले आणि तिचं तोंड लाकडावर आपटलं. पुन्हा आपटलं. मी मध्ये पडलो तोवर बाईचा ओठ फाटला होता. तिने प्रतिकार केला नाही. रक्त पुसत म्हणाली, "मी नको म्हणून सांगितलं होतं. सगळीकडे तेच सांगितलं. बाकीच्या दुकानदारांनी ऐकलं. तुम्ही नाही ऐकलं."

"ही घेऊन जा तुमची गिटार!"

"माझी कुठे राहिली ती आता?" ती म्हणाली आणि गेली.

गिटार मी भिंतीवरच्या हुकाला टांगली. जाळली असती. पण तिच्यासोबत जावयाचं काय होईल, या भीतीने हात उचलला नाही. हवा बदलली की तिच्या पाच तारा सुरातून उतरतात. एकदा मी त्या सुरात लावत होतो. पाचवी छेडली, तिसरी छेडली... आणि मधला सूर आतल्या खोलीतून आला.

जावई भिंतीकडे तोंड करून बसला होता. ओठ मिटलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुलीनेही ते ऐकलं.

काल जेवताना म्हणाली, "बाबा, तारा बसवणारी बाकीची दुकानं कुठे कुठे आहेत?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "तसलं मनातही आणू नकोस."

"मी फक्त सांगेन, चौथी लावू नका. त्यात खोटं काय आहे?"

"अगं, तिथेही कोणाचा तरी जावई असेल."

"असेल," ती म्हणाली. "माझा नवरा नसेल ना."

आज सकाळी दुकान उघडलं, तर हुक रिकामा होता. मुलगी घरात नव्हती. फोन उचलत नाही. म्हणून हे घाईने लिहायला बसलो. पाच तारांची गिटार घेऊन कोणी आलं आणि...

आत्ता, एवढं लिहीत असताना, आतून कोणीतरी हाक मारली.

"बाबा..."

रेडिओचा आवाज. पूर्वीसारखाच, स्वच्छ.

"बाबा, ऐकलंत का? अहो, मला बोलता येतंय!"

तो हसतोय. मला बोलावतोय.

माझ्याने उठवत नाही. मुलगी अजून परतलेली नाही, आणि ती कुठल्या दुकानात गेली, ते मला माहीत नाही.