आतून आलेले दोन ठोके

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर दुसरी गोष्ट उघडा. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही, अंधारी वाट नाही. जुलै महिना, भर दुपार, डोळे उघडवत नाहीत असं ऊन. पूर्व ओरेगॉनमधलं आमचं हेन्स गाव आणि आमचंच अंगण.

मी नेल्डा. माझा नवरा रॉस्को. त्याची हयात लाकूड कापायच्या गिरणीत गेली आणि कानही तिथेच गेले. धप्प, धडाम असे जाड आवाज त्याला कळतात. माणसाचं बोलणं मात्र समोर उभं राहून ओरडल्याशिवाय पोचत नाही. आणि बोलणं माझं असेल तर तेव्हाही नाही.

निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात कॅम्पर शिरला.

पिकअपच्या हौद्यात बसवायची छोटी खोली असते ती. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं, मग चारी बाजूंनी ताडपत्रीच्या भिंती उभ्या राहतात. निघताना छत खाली ओढायचं आणि बाहेरून कड्या लावायच्या. छत खाली असताना दारातून वाकून आत जाता येतं, पण उभं राहता येत नाही. नदीपलीकडच्या म्हाताऱ्या अल्टनच्या कोठारामागे असा एक जुना कॅम्पर पडून होता. रॉस्कोने नुसतं विचारलं, तर अल्टनने तो जवळजवळ आमच्या गळ्यात मारला.

ट्रकवर चढवून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "कड्या लावायच्या आधी ठोकत जा."

मला हसूच आलं. ते काय सांगायला हवं होतं? कॅम्परवाले सगळेच ठोकतात. आत पोर झोपलेलं असतं, कुत्रं शिरलेलं असतं. म्हणून कडी लावणाऱ्याने पंज्याने दोनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर आतून ठोकतं. गप्प असेल तर लावा कड्या. आमच्याकडे हे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं.

वसंतापासून आम्ही त्या डब्याला लागलो. तळाचं प्लायवूड कुजून भुसा झालेलं. गादीत उंदरांनी संसार थाटलेले. फाटलेली ताडपत्री मी मशीनवर बसून शिवली, सुया मोडल्या, शिव्या दिल्या. भिंतींना आतून जाड फोम लावायचा होता, तो सोल्युशनने चिकटवला. त्या वासाने माझा दमा उसळायचा, म्हणून माझा पंप तिथेच फळीवर ठेवलेला असायचा.

एक काम मात्र राहिलं. दाराचं आतलं हँडल तुटलेलं होतं. बाहेरून खटका पडला की आतून दार उघडत नसे.

मी रोज पाठी लागायचे. "रॉस्को, आधी ते हँडल बसव." त्याला पडलेलं, कपाटं हिरवी रंगवायची की निळी. "बसवतो गं. त्यात कोण अडकतंय?"

पहिल्यांदा झालं ते असंच एका संध्याकाळी, काम आवरताना. छत खाली घेतलं. आम्ही दोघं बाहेर. रॉस्कोने सवयीने दोनदा ठोकलं.

आणि आतून...

धप्प. धप्प.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मांजर असेल म्हणून दार उघडलं, छत परत वर केलं, गाद्या उचलून बघितल्या.

काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ठोकलं नाही तर आत शांत असायचं. पण दोन ठोके दिले की दोन परत यायचे. दोनच. ना एक कमी, ना एक जास्त.

पहिले काही दिवस रॉस्कोचा चेहरा उतरलेला असायचा. मग माणसाला सवय होते, तशी त्याला झाली. त्याने आतल्या ठोकणाऱ्याचं नाव 'भाडेकरू' ठेवलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागला. कुणी म्हणायचं फळ्या तापून वाजतात, कुणी म्हणायचं स्प्रिंग असेल. हसायचे, बिअर प्यायचे, घरी जायचे.

मला ते अजिबात आवडत नव्हतं. ठोकल्यावर उत्तर आलं तर उघडायचं, एवढ्याचसाठी तर ठोकतात. आम्ही उत्तर ऐकत होतो आणि हसून कड्या लावत होतो.

मी हे रॉस्कोला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "दर वेळी रिकामा निघतो, नेल्डा. किती वेळा उघडू?"

त्या जुलैच्या दुपारी त्याला कॅम्पर बेकर गावाला न्यायचा होता. तिथे त्याचा दोस्त गस गॅसच्या शेगड्यांची कामं करतो, त्याच्याकडून आतल्या शेगडीची नळी तपासून घ्यायची होती. मी बहिणीकडे जाणार होते. छत खाली होतं, कड्या लागलेल्या होत्या, दार तेवढं उघडं होतं. रॉस्को हात धुवायला नळावर गेला आणि मला आठवलं, पंप आतच राहिला.

वाकून आत शिरले. फळी चाचपली. पंप हाताला लागला आणि मागे वाऱ्याने दार आपटलं.

बाहेर रॉस्कोची पावलं वाजली. मग दोन ठोके.

मी लगेच ठोकलं. जोरात, दोनदा. आपली पद्धतच ती.

बाहेरून रॉस्को हसला. "हो रे बाबा, चल फिरायला," म्हणाला आणि खटका पाडला.

मी ओरडले. तो पुढे चालत गेला होता. मग डिझेलचं इंजिन सुरू झालं आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना.

बेकरपर्यंत मी ओरडत राहिले. फोन घरी, पर्समध्ये. काळोख इतका की स्वतःचा हात दिसेना. नव्या फोमने सगळ्या फटी बुजलेल्या, त्या मीच बुजवल्या होत्या. सोल्युशनचा वास डोक्यात चढत होता. एका खड्ड्यात ट्रक उसळला आणि पंप हातातून निसटून कुठे तरी घरंगळला. बेकर येईपर्यंत माझ्या घशातून नुसती हवा निघत होती.

ट्रक थांबला. इंजिन बंद झालं. रॉस्कोची पावलं दूर गेली. गस जेवायला गेलेला असणार आणि हाही तिकडेच गेला असणार, त्याच्याबरोबर खायला. चेरी-पाय, तो फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, दिसला की त्याला दुसरं काही सुचत नाही.

वर पत्रा, पत्र्यावर जुलैचं ऊन. मी जमिनीवर पडून दाराखालच्या फटीशी तोंड लावलं. फट कसली, केसाएवढी. छाती शिट्टीसारखी वाजत होती. मी इथे मरणार, आणि मघाशी ठोकलं तसंच हा परत येऊन ठोकेल, हे मला स्वच्छ कळलं. भीती वाटली. त्याहून जास्त राग आला.

मग मी एक गोष्ट ऐकली.

माझा श्वास घरघरत होता. आणि त्याच्या मागोमाग...

आणखी एक श्वास घरघरत होता.

मी माझा रोखून धरला.

दुसरा चालूच राहिला. समोरच्या बाकड्यावरून. अगदी माझ्यासारखाच, कोरडा, हवेसाठी तडफडणारा.

मी हलले नाही. हलायला जागाही नव्हती.

किती वेळ गेला माहीत नाही. मग बाहेर पावलं आली. रॉस्को आणि गस. गस पुढच्याच भिंतीशी उभा होता, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. रॉस्को त्याला भाडेकरूची गंमत सांगत होता. माझा नवरा. माझ्यापासून हातभर अंतरावर.

रॉस्कोने ठोकलं. धप्प. धप्प.

मी हात उचलला. होता नव्हता तो सगळा जोर गोळा केला.

आणि कुणीतरी...

माझं मनगट धरलं.

तो हात गार नव्हता. लोक सांगतात तसं काहीच नाही. तो माझ्या हाताइतकाच तापलेला होता, घामाने निसरडा होता. त्याने माझा हात खाली दाबून ठेवला. आणि माझ्या डोक्याच्या वर भिंतीवर दोन ठोके वाजले.

धप्प. धप्प.

"बघ," रॉस्को बाहेर म्हणाला. "दोन. कायम दोनच."

गस घाबरला होता, आवाजावरून कळत होतं. "उघड तरी एकदा."

"रिकामा असतो रे. आधी ट्रक सावलीत घेऊ, मग उघडू."

तो निघाला तर संपलंच. हात सुटेना. ओरडता येईना. मी पाय दुमडला आणि टाचेने दाराच्या तळाशी लाथ मारली.

एकच बसली. दुसरीची ताकद नव्हती.

बाहेर वळलेली पावलं थबकली.

मग गस ओरडला, "रॉस्को... हा तिसरा होता."

खटका उघडला तेव्हा ऊन आत घुसलं आणि मला रॉस्कोचा चेहरा दिसला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्याने मला ओढून बाहेर काढलं आणि मातीतच बसून मला मांडीवर घेतलं. गसने पाण्याचा पाइप माझ्यावर धरला.

पाइप धरून तो दारात वाकला आणि म्हणाला, "त्यांनाही हात दे ना, रॉस्को."

रॉस्कोने आत बघितलं. मी मान वळवून बघितलं.

आत कुणी नव्हतं.

गस आता म्हणतो, मी असं काही बोललोच नाही. ठीक आहे.

त्याच संध्याकाळी रॉस्कोने नवं हँडल बसवलं. डोळे पुसत स्क्रू पिळत होता. सकाळी बघितलं तर हँडल निघून जमिनीवर पडलेलं. स्क्रू शेजारी नीट ओळीने ठेवलेले. त्याने पुन्हा बसवलं. ते पुन्हा निघालं.

मग आम्ही अल्टनकडे गेलो. तो ओसरीवर बसला होता. काय झालं ते मी सांगितलं. त्याने एकदाही 'खरंच?' म्हणून विचारलं नाही.

"मी दर वेळी उघडायचो," तो म्हणाला. "कितीतरी वर्षं. दर वेळी रिकामा. माणूस कंटाळतो."

मी विचारलं, "आणि नाही उघडलंत त्या दिवशी काय झालं? कोण होतं आत?"

तो उठला, घरात गेला आणि जाळीचं दार लावून घेतलं. आम्ही बराच वेळ थांबलो, पण तो परत बाहेर आला नाही.

रॉस्कोने ठरवलं, जाळून टाकायचा. पण आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्यावर काडी ओढायला बंदी असते, एका ठिणगीने अख्खं खोरं पेटतं. म्हणून कॅम्पर ट्रकवरून उतरवून आमच्या कोठारामागे लोखंडी टेकूंवर उभा केला. ऑक्टोबरात बंदी उठली. रॉस्कोने डिझेल ओतलं, आगपेटी काढली. मी त्याच्या बाजूलाच उभी होते, त्याच्या बाहीला धरून.

काडी ओढण्याआधी तो थबकला. पुढे होऊन त्याने दोनदा ठोकलं.

आतून आले, धप्प... धप्प...

आणि मग खाली, दाराच्या तळाशी, टाचेने मारल्यासारखा...

तिसरा.

रॉस्कोने वळून माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते. तरी त्याने माझा दंड चाचपला. दार उघडलं. रिकामं. लावलं, पुन्हा ठोकलं.

पुन्हा तीन.

माझा जीव त्या एका लाथेने वाचला होता. तेवढी एकच खूण माझी होती. आता ती आतल्यालाही येते.

रॉस्कोने आगपेटी खिशात टाकली. "आत कुणी नाही हे मी कशावरून म्हणू?" तो म्हणाला. "एकदा म्हटलं होतं."

कॅम्पर अजून तिथेच आहे. नवी हिरवी कपाटं, मी शिवलेली ताडपत्री, सगळं तसंच. आता ठोकावंही लागत नाही, ठोके आपले आपणच येतात, बहुतेक दुपारचे. रॉस्कोला ते घरातून ऐकू येत नाहीत. मला येतात. मी जाते, उघडते, बघते, लावते.

परवा बर्फ पडत होता. ठोके आले. गुडघे दुखत होते, चुलीवर सूप होतं. म्हटलं, आज राहू दे, रिकामाच असणार.

सूप ढवळलं. मग रॉस्कोला हाक मारली. तो पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाही, हे मी पन्नासदा अनुभवलंय. तरी हातातला डाव टाकून, पायात बूट न घालता, मी बर्फातून त्या दारापर्यंत धावत गेले.

रिकामाच होता. रॉस्को न्हाणीघरात दाढी करत होता.

अल्टन नाताळाआधी गेला. त्याला कंटाळा यायला नेमकी किती वर्षं लागली, ते विचारायचं राहूनच गेलं.