खंडेनवमीचा चष्मा

दसऱ्याच्या सकाळी सानवी सुर्वेने वर्कशॉप उघडलं, तर चष्मा फुटला होता. काचांचा चुरा टेबलाखाली पसरला होता. ती आत गेलीच नाही. पोलिसांना फोन केला आणि पायरीवर बसून राहिली.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या या दोन खोल्यांत चार वर्षं घालवून तिने तो घडवला होता. कागदासारखी पातळ काच, पण वीज मिळाली की नजरेप्रमाणे फोकस बदलणारी. चष्म्यात उमटणारी चित्रं आणि पलीकडचं खरं जग, दोन्ही स्पष्ट दिसत. सोमवारी पुण्याचे गुंतवणूकदार तो पाहायला येणार होते. दाखवता आला नाही, तर वर्कशॉपला टाळं. तिला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

फौजदार दीपाली मयेकर आत गेल्या. टेबलावर कालची खंडेनवमीची पूजा तशीच होती. मायक्रोस्कोप, चिमटे, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. चष्म्याच्या तुटक्या काडीवरही कुंकवाचं बोट उमटलेलं.

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे, वॉचमन भागोजींकडे आणि माझ्या भावाकडे."

भाऊ हर्षद बॅग घेऊन दारातच उभा होता. धंद्यातला भागीदार, आज सकाळीच मुंबईहून उतरलेला.

"मांजर शिरलं असेल," तो म्हणाला. "नशीबच फुटकं, ताई."

"पूजेला कोण होतं?"

"मी आणि भागोजी," सानवी म्हणाली.

"ताट मीच धरलंवतं," भागोजी म्हणाले. "बायनं चष्म्याला कुंकू लावलानच नाय. नुसता झेंडू ठेवलान."

"पूड काचेच्या सांध्यात गेली असती," सानवी म्हणाली.

दीपालीबाईंनी काडी तिच्यापुढे धरली. सानवी कुंकवाकडे बघत राहिली.

"असा दुसरा चष्मा आहे?"

"गेल्या वर्षीचा. बिघडलेला. हर्षदच्या मुंबईच्या खोलीवर असतो."

"तोच हा," दीपालीबाई म्हणाल्या. "हर्षद, तुम्ही पहाटे उतरून आधी इथेच आलात आणि खरा चष्मा घाईत बॅगेत टाकलात. मग टेबल पाहिलंत. प्रत्येक वस्तूला कुंकू! म्हणून फोडायच्या चष्म्यालाही लावलंत. पूजेला असलेल्या दोघांनी ही चूक केलीच नसती. अती शहाणा त्याचा बैल रिकामा. उघडा बॅग."

मोज्यात गुंडाळलेला चष्मा निघाला.

"बंगळुरूची कंपनी हा बघून मला नोकरी देणार होती," हर्षद पुटपुटला. "इथे सगळे तुलाच विचारतात, ताई."

चालतोय का पाहायला सानवीने चष्मा लावला. काचेने अंतर जुळवून घेतलं. भावाचा चेहरा, ओठांवरचा घाम, सगळं लख्ख दिसलं. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

"तक्रार दिलीत तर हा मुद्देमाल म्हणून जमा होईल," दीपालीबाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत सुटणार नाही."

सानवीने चष्मा काढून पेटीत ठेवला.

"तक्रार नाही," ती म्हणाली. मग हर्षदपुढे हात केला. "किल्ली दे. आणि आज सोनं द्यायला घरी येऊ नकोस."