नवं फर्मान

जावयाला घरातली कुठलीच वस्तू होती तशी ठेववत नव्हती. लेक जाऊन सहा महिने होत नाहीत तोवर त्यानं पडदे बदलले, पलंग हलवला, तिच्या चपला कुणाला तरी देऊन टाकल्या. आज भर दुपारी तिचा हातात धरायचा गेम घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला होता. सासूबाईंनी समोरच खुर्ची ओढली.

"आता काय काढलंत?"

"फर्मवेअर बदलतोय, आई. यंत्रानं कुणाचं ऐकायचं ते त्यावर ठरतं. नवं टाकलं की जुन्या काळचे सगळे गेम यावर चालतील."

"म्हणजे फर्मान."

"फर्मवेअर."

"तेच म्हणतेय मी."

शाळेशी त्यांचं दोन इयत्तांपलीकडे जमलं नव्हतं. पण घरात फर्मान कुणाचं चालतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

अंथरुणाला खिळल्यावर लेक यावर शेतीचा खेळ खेळायची. बोटभर बाहुली, फाटक, विहीर, एक झाड. एकदा सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, "बाईमाणसाला उन्हात उभं करून जाऊ नये गं." लेक खूप हसली. पण तेव्हापासून खेळ बंद करण्याआधी ती बाहुलीला झाडाच्या सावलीत न्यायची, बुंध्याकडे तोंड करून उभी करायची.

"तिचा खेळ उतरवून ठेवलात ना? शब्द दिला होतात."

जावई यंत्राच्या झाकणाचे सुटे स्क्रू गोळा करत राहिला. "राहिलं ते. पुसला गेला, आई. किती दिवस तेच धरून बसायचं?"

बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

यंत्राच्या पडद्यावरची निळी पट्टी भरली. गेमची नवी यादी आली. त्यानं मुद्दाम तोच खेळ उघडला. "हा बघा, कोरा करकरीत. बाहुली फाटकापाशी उभी असते, पहिल्यापासून सुरू करायचं."

फाटकापाशी कुणी नव्हतं.

बाहुली झाडाखाली होती. पाठमोरी.

"जुनं काहीतरी राहिलं असेल," तो म्हणाला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. झाडाखालीच. त्यानं मेमरी कार्ड उपसून टेबलावर ठेवलं. पडदा हलला नाही.

त्यानं मागचं झाकण उघडून बॅटरी काढली.

पडदा जरा मंदावला, एवढंच.

मग बाहुली वळली. सावलीतून चार पावलं पुढं आली आणि पडद्याच्या काठाशी थांबली. खाली इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणतेय?"

जावयानं ओळ दोनदा वाचली. "विचारतेय... तुम्ही कोण?"

त्यानं बटणं दाबत स्वतःचं नाव भरलं. ओळ पुसली गेली. पुन्हा तीच उमटली.

त्यानं पुन्हा नाव भरलं, एकेक अक्षर तपासून.

पुन्हा तीच.

टेबलावरची बॅटरी बाईंनी उचलली. थंडगार होती. ती त्यांनी जावयाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"फर्मान तुम्ही बदललंत, जावईबापू. आता तिनं ओळखलं नाही, तर तिला बोल लावायचा नाही."