लेस न काढलेले बूट

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. पण ही हकीकत ऐकीव नाही. जिच्या डोळ्यांदेखत ती घडली ती माझी सख्खी ताई, आणि ज्यांच्या पायांवर घडली ते माझे भावजी. दोघांपैकी एकालाही तिखटमीठ लावून सांगण्याची सवय नाही. गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. तीही रात्रीची नव्हे, लख्ख उन्हातली.

भावजी रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. थुंकी, पू, जखमांतला स्राव… माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर पडते ते सारे त्यांच्या हातांखालून जाते, आणि दुपारी ते तिथेच शेजारच्या खोलीत स्वस्थ चित्ताने डबा खातात. घरी मात्र त्यांच्या टॉवेलला कुणी बोट लावलेले खपत नाही.

"परक्याचं रक्त चालतं, बायकोचा नॅपकिन चालत नाही!" ताई म्हणते.

"रक्त बाटलीत असतं. बाटलीला झाकण असतं," हे भावजींचे ठरलेले उत्तर.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून उठल्यावर ताईने एकच हट्ट धरला. यात्रेची ती लांबलचक पायवाट शेवटच्या टोकापर्यंत चालायची. डॉक्टर म्हणाले, चाला. पण एकटीने नाही. म्हणजे भावजी थांबले की ताईचीही वाट तिथेच खुंटणार, हे उघड होते.

आणि अर्ध्या वाटेवर, एका मुक्कामाच्या घरी, भावजींच्या बुटाचा तळ जबडा वासावा तसा सुटला.

दुकान पुढच्या मुक्कामापाशी. मधली सगळी वाट टोकदार खडीची.

त्या घराच्या दाराशी जोड्यांच्या फळ्या होत्या. सर्वांत खालच्या फळीवर वाट अर्धवट सोडून गेलेल्यांचे बूट. ज्याला गरज असेल त्याने खुशाल न्यावे, असा त्या वाटेचा रिवाज. भावजींनी नाक दाबून एकेक जोड पाहिला. बहुतेकांना लेस नव्हती. एकाच जोडाला होती. नीट ओवलेली, दुहेरी गाठ मारलेली.

"हा माणूस तरी व्यवस्थित असावा," म्हणून त्यांनी तोच उचलला.

दोन मोजे चढवून त्यांनी पाय आत सरकवला… आणि थबकले.

आतून बूट कोमट होता.

नुकताच कुणी पाय काढून घ्यावा, तसा.

त्या घरात आदल्या दिवसापासून या दोघांखेरीज कुणीही उतरले नव्हते.

भावजींनी दुसराही बूट चढवला. चालू लागले.

वाट कोरडी ठणठणीत होती. धूळ उडत होती. तरीही थोड्या वेळाने आवाज येऊ लागला…

चिप्… चिप्…

ओल्या फडक्यावर पाऊल पडावे तसा. फक्त डाव्या बुटातून.

"अहो, लंगडताय कशाला?" मागून ताई म्हणाली.

"मी? छे!"

"मग काय मी? मागं बघा जरा."

भावजींनी वळून पाहिले. धुळीत त्यांचे उजवे पाऊल स्वच्छ उमटले होते. डावे मात्र दर वेळी फरफटलेले…

पाय मुळीच दुखत नव्हता.

दगडावर बसून त्यांनी डावा बूट काढला. दुर्गंधी अशी आली की ताईने पदर नाकाला लावला. मोजा चिंब होता, पिवळट, चिकट. तो कसला ओलावा आहे, हे भावजींना विचारावे लागले नाही. त्यांचे आयुष्य त्यातच गेले होते. त्यांनी चिमटीत धरून मोजा उलटा केला.

आत एक नख होते.

अंगठ्याचे. जाड, हळदी रंगाचे, मुळाशी मांसाचा तंतू चिकटलेले.

भावजींच्या पायाची सगळी नखे जागच्या जागी होती. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या गृहस्थांना भडभडून ओकारी झाली.

"आपण परत फिरू या," ताई म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला होता; पण ती पुढच्या वाटेकडे बघत होती, मागच्या नव्हे.

भावजींनी बाटलीतले सगळे पाणी बुटात ओतून तो विसळला, कोरडे मोजे घातले आणि पुन्हा त्याच ओलसर, लिबलिबीत कोमटपणात पाय घातला. बायकोसाठी माणूस काय काय करतो, याची गाणी कुणी गात नाही.

ऊन कलता कलता पुढचे मुक्कामाचे घर आले. ते सांभाळणाऱ्या मावशींनी प्रत्येक वाटसरूला देतात तसा मिठाच्या गरम पाण्याचा टब आणला. भावजींनी पाय त्यात सोडले. मावशींची नजर बाहेर काढलेल्या बुटांवर गेली.

"खालच्या फळीवरचे?"

"हो. कुणीतरी सोडलेले."

"लेस अशीच होती?"

"छान बांधलेली. म्हणून तर घेतले."

मावशींनी मान हलवली. "सोडणारा माणूस लेस काढून घरी नेतो, दादा. आपण आता चालणार नाही, याची ती खूण. लेस आहे तो जोडा सोडलेला नसतो…"

"अहो, पण तिथे कुणीच नव्हतं!"

 मावशी टबाकडे पाहत होत्या.

पाणी गढुळले होते. वर तेलकट साय धरू लागली होती.

आणि त्या सायीखाली, भावजींच्या डाव्या पायाला काहीतरी मऊ लागले…

उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे. बुळबुळीत.

ते हळूहळू तळव्याखाली सरकले. मग बोटांच्या फटींत एकेक करून शिरले.

बोटे होती ती. पाच.

भावजींनी किंचाळून टब लाथाडला. पाणी फरशीभर झाले, आणि मधोमध पडले होते आख्ख्या तळव्याचे कातडे. टाचेपासून बोटांपर्यंत सलग, मोज्यासारखे निघालेले. भावजींचे स्वतःचे तळवे मात्र शाबूत होते.

मावशींनी ते केरसुणीने सुपलीत ओढले. हात सवयीचे होते.

दुसऱ्या दिवशी दोघे बसने परतली. ताई वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. तिने आजतागायत त्यांना बोल लावलेला नाही.

पण भावजींच्या डाव्या पायाची बोटे आता एकमेकांना लागत नाहीत. सतत फाकलेली असतात, मधे कुणाला जागा करून द्यावी तशी. त्यांनी स्वतःच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघाले नाही.

परवा जेवताना ताईने भीतभीत विचारले, "पुन्हा जायचं का हो? अर्ध्या वाटेपासूनच सुरू करू. तुमची इच्छा नसेल तर राहू दे."

'नाही' हा शब्द भावजींच्या अगदी ओठांवर होता. मला त्यांनी शपथेवर सांगितले आहे.

तेवढ्यात टेबलाखाली, त्यांच्या डाव्या पायाच्या बोटांच्या फटींमधून, काहीतरी ओले आवळले गेले…

"जाऊ," भावजी म्हणाले.

ताई आनंदाने रडली. आजारपणानंतर ती इतकी खुललेली मी पाहिली नव्हती. सामान बांधून झाले आहे. उद्या सकाळी निघायचे आहे.

तो होकार कुणाचा होता, हे तिला सांगू नकोस, अशी भावजींनी मला गळ घातली आहे.

सांगू की नको, ते मला अजून ठरवता आलेले नाही.