तेवीस नव्वे दोनशे सात

“तेवीस पाचा... तेवीस पाचा...” ज्योत्स्ना अडखळली. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी “में!” केलं.

तिनं दचकून मागं पाहिलं. गोडाऊनमध्ये तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. समोर सोयाबीनच्या पोत्यांची उंच थप्पी, वर उन्हानं कुरकुरणारे पत्रे. बस्स!

“कोन हाय?”

पत्रे तेवढे कुरकुरले.

ज्योत्स्ना मेडशीची, सातवीतली. दिवाळीच्या सुट्टीत ती कामरगावला भिवाजीमामाकडे आली होती. आली म्हणजे, आणून ठेवली होती. आई अकोल्याच्या दवाखान्यात होती, नुकताच जन्मलेला भाऊ तिथं काचेच्या पेटीत होता आणि बाबाही तिकडेच. मामी माहेरी गेलेली. मामा दिवसभर सैफुद्दीनशेठच्या गोडाऊनचं काम बघायचा. रिकाम्या घरात बसवेना, म्हणून ज्योत्स्ना त्याच्या मागोमाग इथं यायची आणि पाढे पाठ करायची. शाळा उघडली की पौर्णिमा मॅडम एकवीस ते तीसचे पाढे विचारणार होत्या. शिवाय पाढे मोठ्यानं म्हटले, की निदान स्वतःचा तरी आवाज कानावर पडायचा.

तेविसाचा पाढा मात्र डोक्यात राहत नव्हता. म्हणून आज तिनं युक्ती काढली होती. थप्पीच्या एका थरात तेवीस पोती लावा, असं मामा काल हमालांना सांगत होता. मग सगळ्यात खालचा थर म्हणजे तेवीस एके, त्याच्यावरचा तेवीस दुणे. थराथरावर बोट ठेवत म्हणायचं!

“तेवीस पाचा एकशे पंधरा, तेवीस सक एकशे अडतीस...” बोट वर वर सरकत गेलं. शेवटचा थर आला. “तेवीस नव्वे दोनशे सात!”

ती थांबली. दोनशे सात? काल संध्याकाळी तर मामा शेठला म्हणाला होता, “एकशे नव्व्याण्णव पोती आली. दारात उभं राहून मीच मोजली.”

म्हणजे आपलाच पाढा चुकला! तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटला. पुन्हा दोनशे सात. आणि पुन्हा ते “में...” अगदी बारीक, दमलेलं. तिनं पोत्याला कान लावला. आवाज थप्पीच्या आतून येत होता!

ती धावत दाराशी गेली. मामा मोबाइलवर बोलत होता.

“मामा, थप्पीत काईतरी हाय!”

“उंदीर असन,” मामानं फोनवर हात ठेवत म्हटलं. “जाय, खेळ बरं.”

खेळ! कोणाशी? अंगणात शेठची मुलं, लायबा आणि अरसलान, बॅट घेऊन भांडत होती. आल्यापासून ज्योत्स्ना त्यांचा खेळ फाटकाआडून बघायची. त्यांनी बोलावलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आज मात्र ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“माहा एक गुणाकार तपासून देता का?”

“सुट्टीत गुणाकार? बाप्पा!” अरसलाननं बॅटच टाकली.

“चूप बस रे! काहून, काय झालं?” लायबानं विचारलं. ती ज्योत्स्नाच्याच वयाची होती, अरसलान दोन वर्षांनी लहान.

ज्योत्स्नानं सगळं सांगितलं. अरसलान बोटं मोजू लागला. “तेवीस दाहे दोनशे तीस. त्यातून तेवीस गेले... दोनशे सात. बरोबर हाय यार! मग आठ पोती कुठं गेली? चोरी!” त्याचे डोळे चमकले.

“चोरी कशी? वरचा थर पहा, पूर्ण भरलेला हाय. बाजूनं बी कुठंच खड्डा नाई,” ज्योत्स्ना विचार करत म्हणाली. “म्हनजे कमी असन ते आतच. थर नऊ. वरचा पक्का. खाली राह्यले आठ. अन् पोती बी आठच कमी!”

“म्हनजे दर थरात एक पोतं नाई,” लायबा हळूच म्हणाली. “एकाच्या खाली एक, एकाच्या खाली एक... अवं, ही तर विहीर झाली!”

तिघंही थप्पीला कान लावून उभी राहिली. “में...”

“बिजली!” लायबाचा चेहरा उतरला. “रामीबाईचं करडू! कालपासून बिचारी गल्लोगल्ली हाका मारून राह्यली. सगळे म्हनतात, कुत्र्यानं नेलं.”

रामीबाई गोडाऊनच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. ते करडू सोडलं तर तिचं कोणी नव्हतं.

“काल हमाल थप्पी अर्धी सोडून जेवाले गेले होते,” अरसलानला आठवलं. “ते चढलं असन वर, अन् पडलं आत! मंग त्याईनं न पाहताच वरचा थर लावला.”

इतक्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. गोडाऊनात किडीचं औषध ठेवणारा बाबूसिंग उतरला. त्याच्या खांद्यावर घडी केलेली ताडपत्री होती, हातात बंद डबा.

“या अल्ला!” लायबा ओरडली. “आज थप्पी झाकून किडीचं औषध ठेवनार हायेत! त्याच्यात आतलं काहीच जगत नाई!”

तिघं दाराकडे पळत सुटली. शेठ आणि मामा बाबूसिंगला घेऊन थप्पीकडेच येत होते. तिघं एकदम बोलू लागली, त्यामुळे कोणालाच काही कळेना.

“बेटा, थरात एखादं पोतं कमी-जास्त लागतेच,” शेठ हसले.

“भास झाला असन,” मामा म्हणाला. “एकटी बसून बसून पोट्टीच्या डोक्यात काईबाई येऊन राह्यलं.”

एकटी बसते म्हणून ज्योत्स्नाचा हिशोबही खोटा? ती मागं वळली आणि पोत्यांच्या कडांना धरत सरसर थप्पीवर चढली!

“ज्योत्स्ना! उतर खाली!”

“नाई उतरत! मानूस वर असताना ताडपत्री टाकता येत नाई!”

“मग मी बी चढते!” लायबा निघाली. तिच्यामागं अरसलानही.

बाबूसिंगनं डबा खाली ठेवला. “शेठ, लेकरं वर हायेत तोवर मी झाकन उघडत नाई.”

“मामा, एकच पोतं उचला! फक्त एक!”

“कोनतं?” मामा वैतागून म्हणाला.

ते तिलाही माहीत नव्हतं. ती एकेका पोत्यावर हलकेच पाय दाबत चालू लागली. सगळी घट्ट. मधोमध मात्र एक पोतं बाकीच्यांना आडवं टाकलेलं होतं. त्यावर पाय ठेवताच ते जरासं खचलं.

“हे!”

मामा आणि बाबूसिंगनं वर चढून पोतं बाजूला सारलं. खाली काळंभोर भोक! मामानं मोबाइलचा उजेड टाकला. अगदी तळाशी दोन डोळे लुकलुकले.

मामानं कपाळावर हात मारला.

“बाजूची पोती काढाले गेलो तर एखादं आत घसरन,” बाबूसिंग म्हणाला. “दोरानं बारीक मानूस उतरलं पाह्यजे.”

“मी उतरते,” ज्योत्स्ना म्हणाली.

मामा आधी नाहीच म्हणाला. मग त्यानंच तिच्या काखेतून दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. तिघा मोठ्यांनी दोर धरला आणि ती आत गेली.

दोन्ही खांद्यांना पोती घासत होती. नाकातोंडात धूळ जात होती. वरचे आवाज लांब लांब गेले आणि उजेडाचा तुकडा लहान होत गेला. मामाच्या घरात एकटं बसल्यावर वाटायचं ना, अगदी तसंच तिला वाटलं. सगळे कुठंतरी आहेत आणि आपण इथं. काचेच्या पेटीत भावालाही असंच वाटत असेल का? बाहेर सगळे, आत तो एकटा?

तिचे पाय जमिनीला टेकले. एक कोरडं, गरम नाक तिच्या घोट्याला लागलं.

“भिऊ नको,” ती अंधारात म्हणाली. “मी आले ना!” थरथरणारं करडू तिनं छातीशी धरलं. त्याच्या काळजाचे ठोके तिला हाताला लागत होते. “ओढा!”

ती वर आली तेव्हा अरसलान रामीबाईला घेऊन आला होता. म्हातारीनं करडाला पदरात घेतलं आणि त्याच्या पाठीवरून नुसती हात फिरवत राहिली. लायबानं वाटीतून पाणी आणलं. बिजली घटाघट प्यायली.

“भिवाजी,” शेठ म्हणाले, “आपन दोन शहाने दिवसभर थप्पीपुढं उभे, अन् साधा गुणाकार केला नाई! या पोरीनं आज माह्या गोडाऊनात एक जीव वाचवला. शाब्बास बेटा! अन् तुमी दोघं बी शाब्बास!”

“मी पोती मोजली, पन थरासंग जुळवून पाह्यलीच नाई,” मामा खाली बघत म्हणाला. “अन् तुले भास झाला म्हटलं. ते बी चुकलंच माह्यं.”

थप्पी उतरवून नव्यानं लावायची ठरली. बाबूसिंगनं डबा पुन्हा मोटारसायकलला बांधला.

“उद्या आमच्यात खेळाले ये हं!” जाताना लायबा म्हणाली.

संध्याकाळी ज्योत्स्ना रामीबाईच्या दारात बसली होती. करडू तिच्या मांडीवर झोपलं होतं.

“तुही माय कुठं असते वं?” रामीबाईनं विचारलं.

इथं आल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. ज्योत्स्ना सांगू लागली. आईचं सांगितलं, भावाचं सांगितलं, रिकाम्या घराचंही. सांगता सांगता रडू आलं, तरी ती थांबली नाही. रामीबाईनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

“दवाखान्यातून येतीन ते,” शेवटी म्हातारी म्हणाली. “येतवर हिले सकाळी दूध पाजाले मले एक हात लागन. येशीन?”

ज्योत्स्नानं डोळे पुसले. “येईन,” ती म्हणाली.