शेवटच्या होलवरची रेघ

विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलंय. आणि ते अजून संपलेलं नाही.

गजेंद्रमामा अमरावतीचे. देवभोळे नाहीत, भित्रे तर मुळीच नाहीत. गोष्ट मागच्या डिसेंबरातली, पण सुरुवात त्याच्या वर्षभर आधीची. जागा म्हणजे अमरावतीहून अकोल्याकडे जाताना हायवेच्या आत लागणारा एक कंट्री क्लब. नाव सांगत नाही. तिथे काळ्या मातीवर बाहेरून गवत आणून छोटंसं गोल्फचं मैदान केलंय.

मामा उजाडताना तिथे खेळायला जायचे. सोबत धर्मपाल, कॉलेजपासूनचा जिवलग दोस्त. तो राहायचा अकोल्याला, जठारपेठेत, तरी कडाक्याच्या थंडीतही मामांच्या आधी पोचलेला असायचा.

क्लबात पैजा लागायच्या. आधी चहाच्या, मग पार्टीच्या. पुढे जीवन नावाचा एक बिल्डर मेंबर झाला आणि पैजा हाताबाहेर गेल्या.

जीवनचा डोळा मामांच्या संत्र्याच्या बागेवर होता. बाग हायवेला लागून, आणि त्याला तिथे हॉटेल बांधायचं होतं. मामा विकायला तयार नव्हते. एका संध्याकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "विकू नका भाऊ. खेळा. जिंकले तर माहा बायपासचा प्लॉट तुमचा. हारले तर बाग माही."

मामा हसून नाही म्हणणार होते.

तेवढ्यात धर्मपालनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आहो न तुह्यासंगं. भेतं काहून?"

मामांनी शब्द दिला.

जोडीचा सामना होता. मामा आणि धर्मपाल एका बाजूला, जीवन आणि त्याचा पार्टनर दुसऱ्या. शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. आता फक्त धर्मपालचा फटका उरला होता; तो चुकला तर हार. चेंडू होलपासून हातभर. डोळे मिटून मारला तरी आत जावा, इतका जवळ.

धर्मपालनं स्टिक लावली...

चेंडू होलच्या कडेनं निघून गेला.

बाग गेली. मामींनी कितीतरी दिवस अबोला धरला. पण मामांनी धर्मपालला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट तो ढसाढसा रडला तेव्हा मामांनीच त्याला जवळ घेतलं. "अबे, खेळ हाय तो. होते असं."

त्यानंतरच्या पावसाळ्यात धर्मपाल हार्ट अटॅकनं गेला.

डिसेंबर लागला तसे मामा पुन्हा मैदानावर जायला लागले. एकटेच.

त्या सकाळी धुकं होतं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मामा शेवटच्या होलकडे चालत होते, आणि...

टक्.

चेंडूला स्टिक लागल्याचा आवाज. मग गवतावरून काहीतरी घरंगळल्याची बारीक सरसर. मग होलमध्ये चेंडू पडतो, तसा पोकळ आवाज.

"कोन हाय?"



मामा जवळ गेले. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर पांढरं दव साचलं होतं. त्या दवावर एक रेघ होती. चेंडू घरंगळत गेल्याची. हातभर लांब, थेट होलपर्यंत.

होलमध्ये चेंडू नव्हता.

आणि दवावर पावलं...

पावलं नव्हतीच.

पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्याही. त्या दिवशी धर्मपालचा चेंडू जिथे थांबला होता, नेमकी तिथूनच रेघ निघायची. दर वेळी आत जायची.

एकदाही चुकायची नाही.

एका सकाळी त्या रेघेकडे बघता बघता मामांच्या मनात पहिल्यांदा आलं... मग त्या दिवशी हा चुकलाच कसा?

मामा खेळ सोडून तसेच अकोल्याला गेले. धर्मपालच्या बायकोनं, शकुनवहिनींनी दार उघडलं. मामांचा चेहरा बघून त्याच आधी बोलल्या.

"तिकडेबी येते का आवाज?"

मामांनी मान हलवली.

"इथं रोज सकाळी येते, भाऊजी. फरशीवरून काहीतरी घरंगळते अन् पडते. कुठं पडते ते दिसत नाही." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "त्याईनं मुद्दाम चुकवला होता. जीवननं हॉटेलात हिस्सा देतो म्हणलं होतं. माह्या नावानं. सही मीच केली, कायची ते मले मागून समजलं."

मामांची नजर फरशीवर गेली.

"दवाखान्यात शेवटी एकच बोलत होते. गज्याले सांग, मले माफ कर म्हणा. मी भेले, नाही सांगितलं. आता तुमी म्हणा, भाऊजी. सुटू द्या त्याईले."

मामा निघाले. परत येताना गाडी हॉटेलापाशी थांबवली. त्यांच्या वडिलांनी लावलेल्या झाडांच्या जागी फरशा बसल्या होत्या. मामा कितीतरी वेळ स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले.

तरी दुसऱ्या सकाळी ते मैदानावर गेले. धुक्यात उभे राहिले.

टक्.

या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर दवावर रेघ उमटत गेली. हळूहळू. चेंडू नाही, माणूस नाही. नुसती रेघ.

मामांनी हात जोडले. "धर्मपाल, माफ केलं तुले. जाय बाप्पा आता."

सगळं शांत झालं. लांब हायवेवरच्या ट्रकांचा आवाजही थांबला.

मग त्यांच्या कानाशी... अगदी कानाला श्वास लागेल इतक्या जवळ...

"खोटं बोलून राहिला, गज्या."

मामा स्टिक तिथेच टाकून पळाले. पुन्हा क्लबात पाय ठेवला नाही.

पण सकाळी कधीकधी शकुनवहिनींचा फोन येतो. त्या काही विचारत नाहीत. मामाही बोलत नाहीत. दोघं नुसते ऐकत राहतात.

परवा मी मामांकडे मुक्कामी होतो. फोन आला. मामांनी तो माझ्या कानाला लावला.

मी ऐकलं.

फरशीवरून काहीतरी घरंगळत होतं... आणि वहिनी दबल्या आवाजात रडत होत्या.

"मामा, मनापासून माफ करून टाका न," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते.

"रोज करून पाह्यतो बे. होत नाही माह्याच्यानं."