खिळ्यावरच्या रोट्या

आमच्याकडे घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की ताज्या रोटीचा एक घास त्याला चावायला लावतात. उरलेली रोटी भिंतीवर खिळ्याला टांगतात. माणूस परत येतं आणि आपली रोटी आपणच संपवतं. अख्ख्या मार्गिलान शहरात याला कुणी हसत नाही. मी हसायचे. मी दातांची डॉक्टर आहे, मला रोटीत दातांच्या खुणांपलीकडे काही दिसत नसे.

माझा धाकटा भाऊ एल्मुरोद बांधकामावर रशियात गेला, तेव्हापासून त्याची रोटी स्वयंपाकघरात लटकत होती. पार दगड झालेली. तिच्या कडेला त्याचा चावा, आणि चाव्याच्या मधोमध एक तिरपं टोक तसंच राहिलेलं. लहानपणी जर्दाळूची बी फोडताना त्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता, तेवढी रोटी वाचली होती.

"परत आलो की तो कोपरा बसव गं ताई. तोवर ज्या मुलीला पसंत पडायचंय ती असाच पसंत करेल," असं म्हणून गेला तो गेलाच.

आई रोज ती रोटी फडक्यानं पुसायची, मुंग्या लागल्या नाहीत ना बघायची.

"त्या दगडाचे किती लाड करशील? जिवंत मुलीला चहा तरी विचार," मी म्हणायचे.

"तू डोळ्यांसमोर आहेस, तुला काय विचारायचं? जो नाही त्याची काळजी."

अशी आमची आई, इनोबत. लग्न होऊन या अंगणात आली ती तंदुरापाशी उभी राहिली आणि तिथंच म्हातारी झाली. तिच्या मनगटावरची लव कायम जळलेली असायची. पहिली रोटी बाबांना, कारण ते विणायला मागावर बसले की उठायचे नाहीत. मग आम्हा भावंडांना, मग शेजारी. मी दवाखान्यात दुसऱ्यांचे दात बघत राहिले आणि माझी लेक नीलुफर तिनंच वाढवली. ती स्वतः मात्र कालची शिळी रोटी चहात बुडवून खायची. जन्मभर ताज्या रोट्या भाजणाऱ्या बाईनं ताजी रोटी क्वचितच खाल्ली. दात पडले तेव्हा मी तिला कवळी करून दिली. ती पेल्यात ठेवून आल्या-गेल्याला दाखवायची. "लेकीनं केलीय. घालून उगाच खराब कशाला करू?"

जर्दाळूला फुलं आली आणि एका सकाळी ती तंदुरापाशी पोट धरून बसली. रुग्णवाहिका फाटकाशी आली तेव्हा बाबा आतून गरम रोटी घेऊन धावत आले.

"चाव, इनोबत."

"अहो, दात पेल्यात राहिले. हिरड्यांनी काय चावू?" एवढ्या कळा येत होत्या तरी ती हसली.

"बाबा, पुरे झालं! वेळ कुठला घालवताय?" मी ओरडले.

तरी तिनं त्यांचं मन राखलं. रोटी तोंडाशी धरून हिरड्या दाबल्या. घास तुटला नाही. रोटीच्या कडेवर नुसता एक पुसट वळ उठला, आणि खालच्या बाजूला एक बारीक खड्डा. तिच्या डावीकडे खालच्या दाताचा एक खुंट उरला होता. तो ती मला काही केल्या काढू देत नसे.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी ती पांढऱ्या कापडात घरी आली आणि त्याच दिवशी मातीत गेली. एल्मुरोदला पोचता आलं नाही. फोनवर लहान पोरासारखा रडला. "चाळिसाव्या दिवसाला येतो, ताई. काहीही करून येतो."

बाबांनी तेवढंच एक धरून ठेवलं. जेवायला बसवलं की विचारायचे, "एल्मुरोद येतोय ना?" येतोय म्हटलं तरच घास उचलायचे.

परत न आलेल्याची रोटी कुस्करून कबरस्तानातल्या पाखरांना घालतात. शेजारच्या बशोरत मावशीनं तसं सुचवलंसुद्धा.

"कुणी हात लावायचा नाही. ती अजून आलेली नाही," बाबा म्हणाले. मला रडू आवरेना. आईची रोटी एल्मुरोदच्या रोटीशेजारीच राहिली.

काही दिवसांनी सकाळी दवाखान्यात निघताना माझं लक्ष गेलं. आईच्या रोटीचा वळ होता तिथून एक घास नाहीसा झाला होता.

उंदीर, म्हटलं. पण उंदीर कुरतडतो, ही कड तशी नव्हती. मग संशय बाबांवर गेला. पण बाबा सत्तरीतही अक्रोड दातांनी फोडतात, त्यांचा चावा करकरीत. नीलुफरचे नुकते आलेले दात करवतीसारखे. ही कड चेपून तुटलेली होती. ओली होती आणि तिला चहाचा वास येत होता.

दवाखान्यात आईच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा अजून कपाटात होता. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. असला खुळेपणा मी करते आहे हे कुणाला कळलं असतं, तर माझ्याकडे दात दाखवायला कुणी आलं नसतं. साचा रोटीच्या कडेला लावला. खुंटाचा उंचवटा नव्या कडेतल्या खड्ड्यात बरोबर बसला.

मी साचा गुपचूप परत नेऊन कपाटात ठेवला.

रोटी दर दोन-तीन दिवसांनी कमी होत गेली. बाबा त्याबद्दल बोलत नसत. पण आता ते चौथऱ्यावर चहा घ्यायला बसले की शेजारी एक पियाला जास्तीचा मांडायचे. नीलुफर एकदा त्या पियाल्यातला चहा प्यायली तर तिच्यावर वस्सकन ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते.

एका सकाळी आईच्या खिळ्यावर नुसती दोरी राहिली.

"आली," बाबा म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली नाही. ताजी भाजलेली एक रोटी अखेर तिनं पुरती खाल्ली, एवढंच मनात आलं. मग मी तंदुराशी बसून पोटभर रडले.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी एल्मुरोदचा फोन आला. मित्राच्या गाडीनं निघाला होता.

"कझाकांच्या माळात आहोत, ताई. आता रेंज जाईल. माझी रोटी आहे ना गं?"

"आहे. दगड झालीय. चावलीस तर उरलेला दातही जाईल."

"मग चहात बुडवीन, आईसारखी." तो हसला आणि फोन तुटला.

बाबांना सांगितलं तर त्यांनी दाढी विंचरली, नवा सदरा काढला. संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभे होते. शेवटी मीच कडी घातली आणि त्यांना आत आणलं.

सकाळी पुलावासाठी गाजरं चिरायला स्वयंपाकघरात गेले. जमिनीवर चहाचे थेंब होते.

एल्मुरोदची रोटी मऊ पडली होती. वर्षानुवर्षं दगड असलेली ती रोटी मी बोट लावताच दबली. कडेनं चहा ठिबकत होता. कुणीतरी ती निगुतीनं भिजवून, पुन्हा दोरीला बांधून ठेवली होती. गाठ दुहेरी होती, आई मारायची तशी.

जुन्या चाव्याशेजारी एक नवा चावा होता.

मधोमध तिरपं टोक.

मी अंगणात धावले. फाटकाची कडी आतून तशीच होती.

बाबा नवा सदरा घालून चौथऱ्यावर बसले होते. चेहरा आनंदानं नुसता फुललेला. त्यांनी चार पियाले मांडले होते. दोन रिकामे, दोन चहानं भरलेले. चौथ्यापाशी जर्दाळूची एक बी पडली होती, दातांनी फोडलेली.

"आला गं आपला पोरगा," ते म्हणाले.

माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. नंबर परदेशी होता, मला अनोळखी.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बंद कर तो. लांबून आलाय, आत्ता कुठे आईच्या मांडीवर डोळा लागलाय त्याचा."